कच्च्या मडक्याचा पराक्रम

एखादी गोष्ट दहा वेळा ऐकूनही न विटणे आणि एखादी पहिल्याच वेळी विटलेली वाटणे, हे दोन्ही अनुभव मराठी श्रोत्यास अपरिचित नाहीत. पहिला अनुभव कीर्तनात येतो, दुसरा हल्ली चित्रगृहात येतो. दोन्हीकडे कथा ठाऊक, शेवट ठाऊक, नायक जिंकणार हेही ठाऊक. तरीही एकीकडे डोळे पाणावतात आणि दुसरीकडे जांभई आवरत नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार आमच्या चित्रपटविषयक लेखनात फारसा होत नाही. पोशाख कसा होता, घोडा कसा धावला आणि पहिल्या आठवड्यात गल्ला किती जमला, एवढ्यावर परीक्षणे संपतात. आम्ही हा प्रश्न आज एका विशिष्ट जातीच्या चित्रपटापुरता उपस्थित करीत आहो. ती जात म्हणजे महानायकाची उत्पत्तिकथा.

ह्या उत्पत्तिकथेचा साचा वाचकांना पाठ असेल. आरंभी एक दुबळा, उपहासास पात्र झालेला तरुण. मग घरातील कोणा वडीलधाऱ्याचा मृत्यू. मग विजेने, विषाने, किड्याच्या दंशाने किंवा देवतेच्या कृपेने अकस्मात लाभलेले सामर्थ्य. त्या सामर्थ्याची गंमत दाखविणारी दहा मिनिटे. मग मुखवटा, मग प्रतिज्ञा, मग खलपुरुषाकडून प्रियेचे अपहरण, आणि शेवटी आगीच्या लोळात द्वंद्व. अमेरिकेत १९३८ साली 'सुपरमॅन' चित्रकथेतून अवतरला, १९७८ साली रिचर्ड डोनर ह्यांनी त्यास भव्य पडद्यावर आणले, आणि तेव्हापासून हा साचा तेथे कारखान्यातील ठशाप्रमाणे चालू राहिला. 'स्पायडरमॅन'ला कोळी कसा चावला आणि त्याचा काका कसा मेला, हे २००२ साली सांगून झाले होते; तेच पुन्हा २०१२ साली सांगण्यात आले. 'फँटॅस्टिक फोर' २००५ साली जन्मले, ते २०१५ साली पुन्हा जन्मले. अखेर २०१७ साली 'स्पायडरमॅन'ची तिसरी मालिका सुरू करताना खुद्द निर्मात्यांनीच कोळ्याचा दंश आणि काकाचा मृत्यू गाळून टाकला. साच्याचे धनीच ज्यास कंटाळले, तो साचा आम्ही मात्र नवलाईने घरी आणून देव्हाऱ्यात बसवावा, ही आमच्या रसिकतेची शोकांतिका होय.

मराठीत ह्या जातीचा सरळ आणि उघड प्रयत्न २०१५ च्या फेब्रुवारीत 'बाजी' ह्या चित्रपटाने केला. दिग्दर्शक निखिल महाजन हे काही सामान्य बुद्धीचे गृहस्थ नव्हेत. २०१३ साली आलेल्या त्यांच्या 'पुणे ५२' मध्ये एका खाजगी गुप्तहेराच्या नजरेतून बदलत्या पुण्याचे जे दर्शन घडले, त्यात निरीक्षण होते आणि धैर्यही होते. म्हणूनच 'बाजी'कडून आमची अपेक्षा मोठी होती, आणि म्हणूनच निराशाही मोठी झाली. गावाच्या आख्यायिकेत जिवंत असलेला एक मुखवटाधारी घोडेस्वार. आजच्या काळातला एक साधाभोळा तरुण, ज्याच्यावर त्या घोडेस्वाराचा वारसा येऊन पडतो. आणि गावावर चालून आलेले मार्तंड नावाचे संकट, ही त्याची मांडणी. श्रेयस तळपदे ह्यांनी कष्ट घेतले आहेत, जितेंद्र जोशी ह्यांनी खलपुरुषात प्राण ओतण्याचा प्रयत्न केला आहे. हे सारे मान्य करूनही आम्हांस म्हणावे लागते की ह्या चित्रपटात नाव मराठी, घोडा मराठी, भाषा मराठी, पण कथेचा सांगाडा सर्वस्वी उसना आहे. सदरा आपल्या मापाचा न शिवता दुसऱ्याचा आणून त्यास आपली गुंडी लावावी, तसा हा प्रकार झाला आहे.

एका जुन्या चित्रपटावर आज इतके का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की 'बाजी' गेला, पण साचा राहिला. एवढेच नव्हे, तर तो ऐतिहासिक चित्रपटात शिरला. २०१८ साली 'फर्जंद' आला, पुढे 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' आले; हिंदीत २०२० साली 'तान्हाजी' आणि २०२५ साली 'छावा' आला. ह्या सर्वांची प्रत सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ह्यांतील पुष्कळ ठिकाणी इतिहासपुरुषाचा प्रवेश हा महानायकाचा प्रवेश झाला आहे. मंद गतीने उडणारी धूळ, गर्जणारे पार्श्वसंगीत, सिंहाशी झुंज, आणि एका घावात दहा शत्रू आडवे. पूर्वी काल्पनिक नायकास इतिहासाची वस्त्रे देत. आता ऐतिहासिक पुरुषास काल्पनिक नायकाची हाडे बसविली जात आहेत. हे दुसरे अधिक घातक आहे, कारण बाजी कोणाचा पूर्वज नव्हता.

आता मुद्द्यास येऊ. आमचा पहिला आक्षेप मुखवट्याविषयी आहे. पाश्चात्त्य महानायकाचा मुखवटा हा तोंड लपविण्यासाठी असतो. लक्षावधी अनोळखी माणसांच्या नगरात, जेथे शेजाऱ्यास शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही, तेथे ही कल्पना शोभते. आमच्याकडे मुखवट्याचा अर्थ नेमका उलटा आहे. पालखीत देवाचा मुखवटा ठेवतात तो देव दिसावा म्हणून. धातूच्या त्या पत्र्यामुळे निराकारास डोळे येतात, आणि भक्त त्या डोळ्यांना डोळा भिडवितो. दर्शन हा आमच्या मुखवट्याचा धर्म आहे, लपणे हा त्याचा अधर्म आहे. बरे, लपून तरी कोणापासून लपावे? दोनशे उंबऱ्यांच्या गावात माणूस चालीवरून ओळखू येतो, खोकण्यावरून ओळखू येतो, अंधारात चपलेच्या आवाजावरून ओळखू येतो. डोळ्यांभोवती कापड गुंडाळले म्हणून वेशीवरच्या म्हातारीने आपल्या शेजारणीच्या पोरास ओळखू नये, हे गाव कोणत्या नकाशावर आहे, ते आम्हांस ठाऊक नाही.

सोंग घेण्याची परंपरा आमच्याकडे नाही असे नव्हे. बहुरूपी दारात येतो, कधी फौजदार होऊन दरडावतो, कधी रामचंद्र होऊन उभा राहतो. तो बहुरूपीच आहे हे घरातल्या पोरासही कळलेले असते, आणि कळूनही जी मौज वाटते तीच त्याची कला. सोंग आणि सोंगाड्या ह्यांतले अंतर उघड ठेवून खेळणे, हा आमच्या लोकरंगभूमीचा प्राण आहे. एखाद्या मराठी दिग्दर्शकाने असा महानायक दाखविला असता की ज्याचे गुपित अख्ख्या गावास ठाऊक आहे आणि अख्खे गाव ते परक्यापासून जपते आहे, तर त्या एका कल्पनेने सारा साचा मोडला असता. गाव हाच मुखवटा झाला असता. पण त्यासाठी गावाकडे पाहावे लागते. चित्रकथेच्या पानाकडे पाहून ते सुचत नाही.

आमचा दुसरा आक्षेप सामर्थ्याच्या देणगीविषयी आहे, आणि तो आम्ही धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून मांडतो. कारण मराठी माणसाच्या मनातील सर्वांत प्रसिद्ध देणगीचे चित्र ह्याच जिल्ह्यातील आहे. तुळजापूरची भवानी शिवरायांना तलवार देत आहे, हे चित्र न पाहिलेला मराठी माणूस विरळा. घरोघरच्या भिंतींवर ते आहे, दिनदर्शिकांवर ते आहे. श्रद्धेचे प्रतीक म्हणून त्यास आमचा नमस्कार आहे. परंतु प्रतीक वेगळे आणि कारणमीमांसा वेगळी. कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्यात देवीचा प्रसाद वर्णिला तो अफजलखानाच्या प्रसंगी. म्हणजे नायक घडून चुकल्यावर. त्या प्रसंगापूर्वी काय काय झाले होते? १६५६ साली जावळी घेतली गेली. पाठोपाठ तेथल्या दाट अरण्यात प्रतापगड उभा राहिला. वाटा, खोरी, घाट आणि माणसे ह्यांची पारख झाली. तुळजापुरावरून धुमाकूळ घालीत आलेल्या खानास मोकळ्या मैदानावर न गाठता डोंगराच्या कुशीत ओढून आणण्याची मसलत ठरली. १० नोव्हेंबर १६५९ चा तो दिवस वर्षानुवर्षांच्या शिस्तीचे फळ होता. देवीचा प्रसाद परंपरेने ठेवला आहे तो ह्या कष्टांच्या शिखरावर. उत्पत्तिकथेचा साचा त्यास उचलून पायथ्याशी आणतो आणि मधला डोंगर खोदून टाकतो.

तुळजापूरकडून साच्यास शिकण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे. कवड्यांची माळ आता पडद्यावरील नायकाचा अलंकार झाली आहे. तिच्यावर प्रकाशझोत पाडून तिचे जवळून दर्शन घडविण्यात येते. ह्या जिल्ह्यात ती माळ गळ्यात घालणारी आराधीण हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागते. माळ घातली की मागावयास जावे लागते, मान लववावी लागते. तो अधिकाराचा बिल्ला नाही, ते ऋणाचे चिन्ह आहे. पडद्यावरील नायकाने माळ घेतली आणि ऋण मात्र आराधिणीकडेच ठेवले.

आणि देवीच्या निद्रेचे काय? तुळजापूरच्या पूजाविधीत भवानीमातेच्या तीन निद्रा आहेत. नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंतची श्रम निद्रा, आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोह निद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविली जाते. दसऱ्याला अहिल्यानगरच्या बाजूने मानाची पालखी आणि पलंग येतात, तो मान पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या घराण्यांचा आहे. ह्यांपैकी श्रम निद्रा ह्या दोन शब्दांपाशी आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. महिषासुराशी लढून देवी दमते. प्रत्यक्ष आदिशक्तीस पाच दिवस विश्रांती लागते, आणि ती विश्रांती तिला माणसे देतात. पलंग कोणीतरी घडवितो, कोणीतरी खांद्यावरून आणतो. लोकांच्या प्रतिभेला हे कधीच समजले होते की न दमणारी शक्ती ही प्रेम करण्याजोगी नसते. आमच्या पडद्यावरील महानायकाच्या कपाळावर मात्र रक्ताची एक शोभिवंत रेघ येते, श्रम येत नाही. तो दमत नाही, म्हणून त्याचे पाय चेपावेसे कोणासही वाटत नाही.

शक्तीस कारखाना असतो, हेही ह्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. परांड्याच्या किल्ल्यात एके काळी असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, आणि १६३२ साली ती परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. तिच्या नावाचा दरारा आम्ही ऐकतो. पण ती ओतणारे हात, तिच्याखाली घातलेले गाडे, तिला ओढणारी जनावरे आणि पावसाळी चिखलात रुतलेली चाके ह्यांचा विचार केला म्हणजे त्या दराऱ्याचे खरे वजन कळते. नळदुर्गास बोरी नदी अडवून तिच्या पोटात महाल बांधला गेला तो १६१३ च्या सुमारास, इब्राहिम आदिलशहा दुसरा ह्याच्या काळात. पावसाळ्यात पाणी वरून कोसळत असताना आतला महाल कोरडा राहतो, हे पाहून आजही लोक बोटे तोंडात घालतात. ह्यास आम्ही अद्भुत म्हणतो, आणि हे अद्भुत गणिताने, चुन्याने आणि दगडाने साधले आहे. अद्भुताशी आमचे वैर मुळीच नाही. फुकट मिळालेल्या अद्भुताशी आमचे वैर आहे.

विशेष म्हणजे परक्यासही हे समजले होते. १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर ह्याने १८६३ साली 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिच्या केंद्रस्थानी तुळजापूरची एक पुजाऱ्याची मुलगी आहे, बालविधवा, देवीच्या सेवेत आलेली. शिवकाल हा तिचा काळ आणि खानाची स्वारी ही तिची पार्श्वभूमी. टेलरच्या दृष्टीत साहेबी दोष पुष्कळ आहेत. परंतु एवढे मात्र त्यास दिसले की तुळजापुरात कथा शोधावयाची तर ती एका मुलीच्या नशिबात आहे. आमच्या चित्रपटकारांस ते गाव दिसले की फक्त तलवार दिसते.

तिसरा आक्षेप खलपुरुषाविषयी. साच्यास एक दुष्ट लागतो, आणि तो पूर्ण दुष्ट लागतो. 'तान्हाजी'तील उदयभान मगर भाजून खातो. इतके खाल्ल्यावर त्याच्याविषयी विचार करण्याची प्रेक्षकास गरजच उरत नाही. हा दुष्ट मेला की गावाचे दुःख संपते. ज्या जिल्ह्यात आम्ही ही कल्पना तपासून पाहत आहो, तेथे दुःख असे संपत नाही. १९९३ च्या अनंत चतुर्दशीस गणपती बोळवून लोक निजले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आजच्या लातूर जिल्ह्याबरोबर आमच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील गावेही जमीनदोस्त केली. सास्तूरचे नाव त्या दिवशी साऱ्या देशाने ऐकले. तेथे खलपुरुष कोण होता? उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून पूर्वजांनी बांधलेली दगडमातीची जाड भिंत, आणि तिच्यावरचे मातीचे जड माळवद. जिने पिढ्यान्पिढ्या सावली दिली तीच भिंत अंगावर आली. ढिगारे उपसण्यास कोणी उडत आले नाही; शेजारी आले, हातांनी दगड उचलू लागले, मागाहून जवान आले, मागाहून अन्नाच्या गाड्या आल्या. 'बाजी' पडद्यावर आला त्या वेळी मराठवाडा २०१४ च्या अपुऱ्या पावसाने होरपळत होता, आणि पुढचे वर्षही तसेच गेले. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ह्या शत्रूस तलवारीने मारता येत नाही. तो जमिनीखाली खोल गेलेल्या पाण्यात असतो, पिकांच्या निवडीत असतो, कर्जाच्या वहीत असतो.

येथे कोणी म्हणेल की चित्रपट म्हणजे काही दुष्काळाचा अहवाल नव्हे. कबूल. आम्ही अहवाल मागतच नाही. पण जेथे माणसे आकाशाकडे पाहून वर्षे काढतात, तेथे आकाशातून तारणहार उतरण्याची कथा वारंवार सांगणे हे निरुपद्रवी मनोरंजन आहे, असे मानण्यास आमचे मन तयार होत नाही. वाट पाहण्याची सवय ही मोठी वाईट सवय आहे. ती पडद्यापुरती राहत नाही. सभेत जाते, मतदानास जाते, गावच्या चावडीत जाऊन बसते. मग जो मोठ्याने ओरडतो, ज्याच्यामागे वाजंत्री असते, तो तारणहार भासू लागतो. विहिरीचा गाळ काढणारा माणूस तारणहारासारखा दिसत नाही, म्हणून तो कोणासच दिसत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकू. पहिले म्हणणे असे की साचा सर्वत्रच असतो. रामकथा हाही साचा, कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग हाही साचा. हे खरे आहे, आणि म्हणूनच आरंभीचा प्रश्न आम्ही विचारला. ह्या जिल्ह्यात घरी लग्नकार्य झाले की भवानीचा गोंधळ घालतात. संबळ वाजतो, तुणतुण्याचा सूर लागतो, दिवटी पेटते, गोंधळी गावोगावच्या देवतांना नाव घेऊन बोलावतो आणि मग आख्यान लावतो. क्रम ठरलेला, आख्याने ठरलेली. तरी उजाडेपर्यंत कोणी उठत नाही, कारण तो गोंधळ त्या घराचा असतो. त्या घराच्या नवसाचा, त्या घरच्या नव्या सुनेचा असतो. साच्यात त्या रात्री त्या घरचे धान्य भरलेले असते. रिकामी कणगी आणि भरलेली कणगी ह्यांचा आकार एकच असतो म्हणून दोहोंची किंमत एक होत नाही. २०२१ साली मल्याळम भाषेत बेसिल जोसेफ ह्यांनी 'मिन्नल मुरली' केला. तोही साचाच, वीज पडते आणि खेड्यातल्या एका शिंप्यास सामर्थ्य येते. पण तीच वीज त्याच गावातल्या एका उपेक्षित, सर्वांनी हसून सोडलेल्या माणसावरही पडते, आणि त्याचे वर्षानुवर्षांचे मुके प्रेम पाहता पाहता विनाशाकडे वळते. त्या खलपुरुषासाठी प्रेक्षकाचा जीव तुटतो, कारण त्यास गावानेच घडविले आहे. साचा उसना असूनही धान्य घरचे असले म्हणजे काय होते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे म्हणणे असे की हे मुलांसाठी असते, त्यास एवढी कठोर कसोटी कशाला? ह्या युक्तिवादाचा आम्हांस मनस्वी तिटकारा आहे. मुलांसाठी म्हणजे निकृष्ट चालेल, असे ज्यास वाटते त्याने मुलांच्या वाटेस जाऊच नये. भा. रा. भागवत ह्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे मराठी मुलांच्या हाती दिला. हा 'फास्टर फेणे' काही कोळ्याने दंश केलेला नव्हता. त्याची शक्ती म्हणजे चपळ पाय, एक सायकल आणि नको तेथे नाक खुपसण्याची जिज्ञासा. कोठल्याही तालुक्यातल्या मुलाजवळ ह्या तीनपैकी दोन वस्तू तरी असतातच! म्हणून ते पुस्तक मिटल्यावर मूल स्वतः काहीतरी करावयास उठते. महानायकाचा चित्रपट संपल्यावर ते पोशाख विकत मागते. मुलांच्या वाङ्मयाची याहून सोपी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

तिसरे म्हणणे द्रव्याचे. मराठी निर्मात्याजवळ पैसा थोडा, म्हणून अद्भुताची दृश्ये फिकी पडतात, त्याबद्दल दया करावी. पण पैसा थोडा असणाऱ्याने सर्वांत महाग वस्तूची नक्कल करावयास का जावे? प्रभातच्या दामले आणि फत्तेलाल ह्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला. त्यातही चमत्कार आहेत, अखेरीस विमानही येते. आजच्या मानाने ते विमान साधेच म्हणावे लागेल. तरी दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, तो विमानासाठी नव्हे. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबाइतकीच गौरीबाईंची आवली त्या चित्रपटात खरी आहे. नवरा वैकुंठास निघाला तरी पोरांच्या तोंडात काय घालावे ही तिची चिंता खरी आहे. विमान वर चढते तेव्हा आमचे मन खाली राहिलेल्या आवलीपाशी घोटाळते. चमत्काराची किंमत कोणीतरी घरात मोजते आहे, हे दाखविण्यास पैसा लागत नाही.

अखेर प्रश्न राहतो तो उत्पत्तीचा. मराठी प्रतिभेजवळ नायकाच्या उत्पत्तीची स्वतःची कथा नाही काय? आहे, आणि तीही ह्याच जिल्ह्यात घडली असे परंपरा सांगते. तेर हे प्राचीन काळी तगर नावाने दूरदेशी व्यापाऱ्यांस ठाऊक असलेले नगर. तेथे तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? मडकी कच्ची की भाजलेली हे पारखण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग आमच्यात कच्चे कोण ते सांगा, असे म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सारे निमूट बसले, नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे आहे, असा निवाडा झाला. देवाशी बोलणारा, देवाने ज्याच्या हातचे खाल्ले असे लोक म्हणत तो नामदेव, एका कुंभाराच्या ओसरीवर सर्वांदेखत कच्चा ठरला. देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला, तर देवानेही कुंभाराचीच बाजू घेतली आणि त्यास विसोबा खेचरांकडे धाडले.

आम्ही वाचकांस विचारतो की ह्याहून उत्तम उत्पत्तिकथा जगाच्या कोणत्या चित्रगृहात दाखविली गेली आहे? हिच्यात सामर्थ्य आरंभीच आहे, आणि तेच पुरेसे नाही असे कळणे ही कथेची सुरुवात आहे. नायकाचा शत्रू त्याचा स्वतःचा ताठा आहे. त्याची परीक्षा घेणारा हातावर पोट असलेला कारागीर आहे, परीक्षेचे साधन रोजच्या कामाचे अवजार आहे, आणि परीक्षा मागणारी एक लहान मुलगी आहे. उत्पत्तिकथेचा उसना साचा शक्तीपासून निघून विजयापर्यंत जातो. तेरची कथा शक्तीपासून निघून लाजेपर्यंत आणि लाजेपासून शहाणपणापर्यंत जाते. आणि ज्या कुंभाराने ही पारख केली त्याच्या स्वतःच्या आख्यायिकेत भजनाच्या तंद्रीत चिखलाखाली तुडविले गेलेले मूल आहे. भाजले जाण्याची किंमत काय असते, हे त्यास ठाऊक होते.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. महानायक मराठीत अवश्य यावा. तो तुळजापुरात, परांड्यात, नळदुर्गात कोठेही जन्मावा. पण त्यास एखाद्या प्रसंगी हरवून दाखवा आणि ते हरणे खरे असू द्या. त्यास दमू द्या, आणि दमल्यावर त्याच्यासाठी पलंग कोण आणतो ते दाखवा. गावाने त्यास ओळखावे. त्याच्या तलवारीस लोहार असावा आणि त्या लोहारास नाव असावे. इतिहासपुरुष दाखवाल तर त्याच्या एका दिवसाच्या तेजामागची वर्षे दाखवा. प्रेक्षक कंटाळेल अशी भीती बाळगू नका, कारण कष्टाची कथा ऐकून कष्टकरी कंटाळत नाही. असा चित्रपट निघेल त्या दिवशी आम्ही पदरचे पैसे मोडून पहिल्या खेळास जाऊ आणि त्याचे स्वागत ह्याच पृष्ठांवर मोकळ्या मनाने करू. तोपर्यंत जे जे मडके बाजारात येईल, मग त्यावर कितीही भगवा रंग चढविलेला असो आणि कितीही भरजरी मुखवटा बांधलेला असो, ते घेण्यापूर्वी थापटण्याने वाजवून पाहण्याचा ग्राहकाचा हक्क आम्ही सोडणार नाही, आणि वाचकांनीही तो सोडू नये.